निवड कुणाची? तारणाबद्दलच्या एका जुन्या वादाविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या बायबल अभ्यास गटात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, कुणाचे तारण होणार हे देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरवून टाकले आहे. दुसरा म्हणतो, देव सगळ्यांना बोलावतो, हो की नाही ते माणसाने ठरवायचे. दोघेही वचने काढून दाखवतात. बरोबर कोण? आणि माझा भाऊ विश्वासात नाही. सगळे आधीच ठरले असेल तर त्याच्यासाठी मी प्रार्थना कशाला करायची?"

शेवटचा प्रश्न शेवटीच घेतो, कारण माझ्या मते पत्र त्या प्रश्नासाठीच लिहिले गेले आहे.

मी २७ वर्षे पाळक आहे आणि त्यातली १६ वर्षे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मंडळीचा इतिहास शिकवतो आहे. दर वर्षी नव्या तुकडीत हा वाद पेटतो, आणि दर वर्षी तो चुकीच्या जागी पेटतो. मुलांना वाटते, एका बाजूला "देव करतो" म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला "माणूस करतो" म्हणणारे. तसा वाद झाला होता खरा, पण त्याचा निकाल पाचव्या-सहाव्या शतकातच लागला.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात एक प्रार्थना लिहिली आहे: तू जी आज्ञा करतोस ते आधी दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये पेलाजियससमोर कुणीतरी हे वाक्य उच्चारले आणि तो चिडला. पेलाजियस हा ब्रिटनहून आलेला, कडक राहणीचा, लोकांना सदाचार शिकवणारा माणूस. त्याचा मुद्दा आजही ऐकायला पटतो: देवाने आज्ञा केली म्हणजे ती पाळण्याची ताकद आपल्यात असलीच पाहिजे, नाहीतर आज्ञा ही थट्टा झाली. शिवाय "देवच देईल" म्हणत बसणारे लोक आळशी होतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ऑगस्टीन म्हणाला, रोग तुला वाटतो त्याहून खोल आहे. माणूस निवड करतो, रोज करतो, पण त्याची आवडच बिघडली आहे. ज्याला देव नकोसाच वाटतो, त्याला "हवा तर घे" असे सांगून काय उपयोग? ४१८ साली कार्थेजच्या सभेने आणि पुढे ४३१ मध्ये इफिसच्या महासभेने पेलाजियसचा पक्ष नाकारला.

मग मधला मार्ग निघाला. दक्षिण गॉलमधल्या, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समधल्या, काही मठवासीयांचे म्हणणे असे की बरे करणारा देवच, पण आजाऱ्याने वैद्याला पहिली हाक तरी स्वतः मारावी. ५२९ साली ओरांज इथल्या सभेने हेही नाकारले. विश्वासाची सुरुवात, हाक मारावीशी वाटणे, हेही कृपेचेच दान, असे तिने ठरवले. त्याच सभेने शेवटी हेही ठणकावून सांगितले की देवाने कुणाला दुष्टपणासाठी नेमले असे कुणी मानत असेल, तर आम्ही त्याचा धिक्कार करतो. हे दुसरे वाक्य एका बाजूचे लोक सोयीने विसरतात आणि पहिले दुसऱ्या बाजूचे.

आता तुमच्या गटातल्या दोघांनाही सांगा: पहिल्या तटाचा गुरू कॅल्विन (सोळाव्या शतकातला जिनिव्हाचा सुधारक) आणि दुसऱ्याचा गुरू आर्मिनियस (डच धर्मशास्त्री) हे दोघेही या प्रश्नावर ओरांजच्याच बाजूला उभे आहेत. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या विचाराच्या चाळीसेक डच पाळकांनी पाच कलमांचे निवेदन काढले. त्यातले तिसरे कलम काढून वाचा. माणसाजवळ स्वतःची अशी तारक शक्ती नाही, स्वेच्छेच्या बळावरही नाही, त्याला नव्याने जन्मावेच लागते, असे तिथे साफ लिहिले आहे. चौथे कलम म्हणते, चांगल्याची सुरुवात, वाढ आणि पूर्तता कृपेनेच होते, मात्र ही कृपा माणसाला झिडकारता येते. म्हणजे आर्मिनियसवाद्याला "तू आपल्या कर्मावर तारण मिळवू पाहतोस" असे हिणवणे निव्वळ खोटे आहे.

उलट बाजूचा अन्यायही तितकाच सर्रास होतो. कॅल्विनवाद्यांनी माणसाची कठपुतळी केली, असे म्हणतात. त्यांच्या डॉर्ट इथल्या १६१८-१९ च्या सभेचे निर्णय वाचले तर दिसते, ते स्वतःच सांगतात की ही कृपा माणसांना लाकडाच्या ओंडक्यासारखे वागवत नाही, इच्छेला चिरडत नाही, तिला जिवंत करते. इंग्लंडमधल्या कॅल्विनवाद्यांचा १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब म्हणतो, निवडलेले येतात ते पूर्ण मोकळेपणाने, कारण कृपेने त्यांना यावेसे वाटायला लावलेले असते. हे पटो न पटो, पण ते कठपुतळी म्हणत नाहीत.

मग भांडण नेमके कुठे आहे?

एकाच बाकावर दोघे बसले आहेत. एकच प्रवचन, एकच वचन, एकच संध्याकाळ. एक जण रडतो, पश्चात्ताप करतो, विश्वास ठेवतो. दुसरा घड्याळ बघतो. फरक कशाने पडला? सगळा वाद या एका प्रश्नात मावतो. बाकीचे मुद्दे त्याची पिल्ले आहेत.

कॅल्विनवादी म्हणतो, देवाने पहिल्याचे अंतःकरण उघडले, जसे फिलिप्पैत लुदियेचे उघडले, आणि देव असे उघडतो तेव्हा माणूस येतोच. मग विचारा, दुसऱ्याचे का नाही उघडले? त्याला उत्तर नाही. तो म्हणेल, देवाचा गूढ संकल्प. आर्मिनियसवादी म्हणतो, कृपा दोघांनाही पुरेशी मिळाली, दुसऱ्याने ती झिडकारली. स्तेफनाने यहुदी सभेला तोंडावर सांगितलेच की तुम्ही पवित्र आत्म्याला नेहमी विरोध करता. मग विचारा, कृपा सारखीच असताना पहिल्याने का नाही झिडकारली? त्याच्यात मुळातच काही बरे होते का? इथे त्यालाही उत्तर नाही. तो म्हणेल, स्वातंत्र्य. म्हणजे दोघांच्याही घरात एक कुलूपबंद खोली आहे. एकाची देवाच्या मनात, दुसऱ्याची माणसाच्या मनात. बाजू निवडताना आपण खरे तर एवढेच ठरवतो की कोणत्या बंद खोलीसह आपल्याला राहता येईल.

लूथरन मंडळी इथे तिसरेच काही करतात. १५७७ च्या त्यांच्या सहमतिपत्रात ते म्हणतात, जो तारला तो केवळ कृपेने तारला, जो नाश पावला तो स्वतःच्या दोषाने, आणि या दोन वाक्यांना जोडणारे तिसरे वाक्य पवित्र शास्त्र देत नाही म्हणून आम्हीही देणार नाही. तरुणपणी मला ही पळवाट वाटायची. आता तसे वाटत नाही.

वचनांकडे येऊ. तुमच्या गटात योहान ६:४४ नक्कीच आले असणार: पित्याने आकर्षिल्याशिवाय कोणीही माझ्याकडे येऊ शकत नाही. मराठीत "आकर्षणे" म्हटले की लोहचुंबक डोळ्यांसमोर येतो, किंवा फुलाकडे जाणारी मधमाशी. मूळ ग्रीक क्रियापद मात्र दणकट आहे. योहानाच्याच एकविसाव्या अध्यायात पेत्र १५३ मोठ्या माशांनी भरलेले जाळे किनाऱ्यावर आणतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि तिथे आपल्या भाषांतरकारांनी सरळ "ओढून आणले" म्हटले आहे. पेत्र गेथशेमाने बागेत तलवार उपसतो तिथेही हेच. कॅल्विनवादी विद्यार्थी हे कळताच टेबलावर मूठ आपटतो: बघा, मासे काय स्वतःहून येतात? मी त्याला पाने उलटून १२:३२ वर नेतो. "मी उंच केला गेलो तर सर्वांना माझ्याकडे आकर्षून घेईन." तेच क्रियापद आणि पुढे "सर्वांना". ओढणे जर न टळणारे असेल तर इथे सगळेच तारले गेले पाहिजेत. आणि १२:३२ मधले ओढणे टाळता येण्यासारखे असेल, तर ६:४४ मधलेही असू शकते. मग आर्मिनियसवादी विद्यार्थी खूश होतो, तेव्हा मी त्याला परत ६:३७ वर आणतो: पिता जे मला देतो ते सर्व माझ्याकडे येईल. "येऊ शकेल" नव्हे, "येईल". एका शब्दावर लढाई जिंकता येत नाही हे मुलांना या तासाला कळते. काहींना पुढच्या तासापर्यंत लक्षातही राहते.

(भक्तिपरंपरेतला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय इथे आठवतोच: माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून असते, मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. उपमा झकास आहे आणि वर्गात फार चालते. पण सावधपणे वापरा. आर्मिनियसवाद्याचे पिल्लू आधी मेलेले आहे. त्याच्या पंज्यांत धरण्याचा जीवही आईनेच घातला आहे. आणि कॅल्विनवाद्याचे पिल्लू तोंडात लोंबकळत असताना आईवर मनापासून प्रेम करते.)

रोमकरांस पत्राचा नववा अध्याय हा कॅल्विनवाद्यांचा किल्ला. "याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला", तेही दोघे जन्मायच्या आधी, बरेवाईट काही करायच्या आधी निवड झाली होती. किल्ला भक्कम आहे, हे मी मानतो. पण त्याच्या भिंती नीट तपासा. "प्रीती आणि द्वेष" हे वाक्य उत्पत्तीतले नाही, ते मलाखीतले आहे, आणि मलाखी एसाव नावाच्या माणसाबद्दल नव्हे, अदोम या राष्ट्राबद्दल बोलतो आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात, पौलाचा विषय एकेका माणसाचे स्वर्ग-नरक हा नसून इस्राएलाला दिलेली वचने फुकट गेली का, हा आहे. ते खरेच आहे. पण एवढ्याने सुटका होत नाही. पौलाला दुःख आहे ते राष्ट्राच्या भूमिकेचे नाही, त्याच्या नात्यातले लोक ख्रिस्तापासून दूर आहेत याचे आहे. आणि "मग तो दोष का लावतो? त्याच्या संकल्पाला कोण विरोध करू शकतो?" हा आक्षेप तो स्वतःच मांडतो. आर्मिनियसच्या वाचनात हा आक्षेप कुणाला सुचलाच नसता. माझ्या मते आर्मिनियसवाद्याला इथे खरोखर अडचण आहे.

अडचण कॅल्विनवाद्यालाही आहे, आणि ती एका धातुरूपात दडलेली आहे. बाविसाव्या वचनात "नाशासाठी सिद्ध झालेली क्रोधाची पात्रे" आहेत, तेविसाव्यात "त्याने गौरवासाठी पूर्वी सिद्ध केलेली दयेची पात्रे". दयेच्या पात्रांना कर्ता आहे: देव. क्रोधाच्या पात्रांना कर्ताच दिलेला नाही, आणि "पूर्वी" हा शब्दही नाही. त्यांना कुणी सिद्ध केले, पौल सांगत नाही. पौलासारखा काटेकोर लिहिणारा दोन लागोपाठच्या वचनांत रचना बदलतो, ते उगीच नसावे. देवाने काहींना जीवनासाठी निवडले एवढेच म्हणायचे, की बाकीच्यांना नाशासाठीही नेमले असे म्हणायचे, यावर कॅल्विनची परंपरा आतल्या आत आजवर भांडते आहे. कॅल्विनने स्वतः दुसरे म्हटले, आणि म्हणताना या आदेशाला "भयंकर" हा शब्द वापरला. मला तो माणूस त्या ओळीत सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्या काही अनुयायांना त्यात भयंकर काही वाटतच नाही, तेव्हा मला त्यांची काळजी वाटते.

समोरच्या बाजूला १ तीमथ्य २:४ आहे: सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे. ऑगस्टीन आणि कॅल्विन दोघांनीही याचा अर्थ "सर्व प्रकारची माणसे" असा केला, कारण आधी राजे आणि अधिकारी यांचा उल्लेख आहे. मला ही ओढाताण वाटते. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज प्रवचनकार स्पर्जन पक्का कॅल्विनवादी होता, पण या वचनावर बोलताना त्याने "सर्व" या शब्दाला कात्री लावायला नकार दिला. माझ्या सिद्धांतात विसंगती आली तरी चालेल, शास्त्राशी विसंगत होणार नाही, असा त्याचा सूर होता.

डॉर्टबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या गटातल्या कुणीतरी "पाच मुद्दे" फलकावर लिहिले असतील. १६१८ च्या नोव्हेंबरपासून १६१९ च्या मेपर्यंत डच शहर डॉर्ड्रेख्ट (म्हणजेच डॉर्ट) इथे ही सभा चालली, १५४ बैठका झाल्या, ब्रिटन, जिनिव्हा, जर्मन संस्थाने अशा ठिकाणचे प्रतिनिधी आले. आर्मिनियसच्या पक्षाचे लोक तिथे चर्चेला नव्हे, आरोपी म्हणून बोलावले गेले आणि जानेवारीत त्यांना बाहेर काढले गेले. पाच मुद्दे हे त्यांच्या पाच कलमांना दिलेले उत्तर आहे. कॅल्विनने आपला विश्वास कधी पाच मुद्द्यांत मांडला नव्हता, आणि इंग्रजी आद्याक्षरांतून ट्युलिप हे फुलाचे नाव जुळवण्याची युक्ती विसाव्या शतकातली आहे. सभा संपता संपता, १३ मे १६१९ रोजी, ओल्डेनबार्नेफेल्ट या ७१ वर्षांच्या मुत्सद्द्याचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. तो आर्मिनियसच्या पक्षाचा पाठीराखा होता. शिक्षेमागे राजकारण भरपूर होते, पण त्या वर्षी कुठल्या ओळीत राजकारण संपते आणि कृपेचा सिद्धांत सुरू होतो हे सांगणे अवघड आहे. त्याच पक्षाच्या ह्यूगो ग्रोशियसला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला.

या निर्णयांतला एक भाग कॅल्विनवादी तरुण क्वचित वाचतात. ख्रिस्ताचे मरण सर्व जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला भरपूर पुरेसे आहे, असे डॉर्टने स्वतः लिहिले आहे. प्रश्न उरतो तो ते कुणासाठी योजले होते एवढाच.

कॅथॉलिकांतही हेच भांडण झाले, आणि त्यांनी ते फार वेगळ्या रीतीने मिटवले, किंवा मिटवले नाही म्हणा. लुइस दे मोलिना या येशूसंघी पंडिताने १५८८ मध्ये सुचवले की देवाला केवळ काय घडू शकते आणि काय घडणार आहे एवढेच नव्हे, तर अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वतःच्या इच्छेने काय करील हेही ठाऊक असते, आणि त्यानुसार तो जग मांडतो. यासाठी नेहमी दिले जाणारे उदाहरण १ शमुवेल २३ मधले आहे. दावीद आपल्या ६०० माणसांसह कईला नगरात आहे. तो विचारतो, शौल इथे येईल का? देव म्हणतो, येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद उठून निघून जातो, शौल येतच नाही, कुणी कुणाला हाती देत नाही. जे घडलेच नाही ते देवाला ठाऊक होते. डॉमिनिकन पंथीय म्हणाले, हे फारच चतुर आहे, पण यात देव माणसाच्या होकाराची वाट बघत बसतो. रोममध्ये वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या. शेवटी १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने दोन्ही पक्षांना आपापले मत शिकवायची मुभा दिली आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला बंदी केली. निकाल लागलाच नाही. प्रोटेस्टंट असूनही या एका बाबतीत मला रोमचा हेवा वाटतो.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना हा सगळा गोंधळ पाश्चात्त्यांचा घरगुती वाटतो. ते ऑगस्टीनच्या मार्गाने कधी गेलेच नाहीत. कृपा आणि मानवी इच्छा यांचे सहकार्य ही त्यांची जुनी भाषा, आणि १६७२ च्या जेरुसलेम सभेत कॅल्विनची पूर्वनिवड त्यांनी औपचारिकपणे नाकारली. वेस्ली (आर्मिनियसवादी) आणि व्हाइटफील्ड (कॅल्विनवादी) या अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवचनकारांची कथा तुम्हाला कुणीतरी सांगितली असेलच: दोघे मित्र याच विषयावर १७४० च्या सुमारास जाहीरपणे फाटले, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्डच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच दिले. अधिक सांगत नाही, ती कथा फार गोड करून सांगितली जाते.

आता माझे मत. ते लपवून ठेवणे लबाडी होईल. मी रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या, परंपरेत वाढलो आणि तारणाची सुरुवात कोण करतो या प्रश्नावर अजूनही तिथेच उभा आहे. माझ्या स्वतःच्या मनाचा इतिहास मी जाणतो. मी देवाला शोधत नव्हतो. पण ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला हे मला शास्त्रातून काढता आलेले नाही, आणि आमच्या मंडळीच्या वडीलजनांना हे ठाऊक आहे. ते मला सहन करतात.

सुसंगतीचा हट्ट सोडा असे मी म्हणत नाही. पण शास्त्र या दोन गोष्टी कशा शेजारी ठेवते ते एकदा पाहा. प्रेषितांची कृत्ये २७. जहाज वादळात सापडले आहे, चौदावी रात्र आहे. पौलाने आधीच सांगितले आहे, देवदूताने मला कळवले, तुमच्यातल्या कुणाचाही जीव जाणार नाही. ठरले. देवाचे वचन आहे. मग मध्यरात्री खलाशी नाळेकडून नांगर टाकायच्या बहाण्याने मचवा पाण्यात सोडतात. त्यांना पळायचे आहे. पौल शताधिपतीला म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. अरे, पण कुणी मरणार नाही हे आधीच ठरले होते ना? पौलाला हा प्रश्न पडत नाही. शिपाई दोर कापतात, मचवा वाहून जातो. सकाळी २७६ माणसे, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागतात. एकही मेला नाही. देवाचे वचन आणि शिपायाची सुरी या दोन्हींमुळे ते वाचले, आणि लूक त्यात वजाबाकी करत नाही.

किंवा फिलिप्पै २:१२-१३. आपल्या मराठी भाषांतराने इथे एक सुंदर जुळणी केली आहे: भीत व कापत आपले तारण "साधून घ्या", कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्या ठायी "साधून देणारा" तो देव आहे. घ्या, कारण तो देतो. मधला शब्द "कारण" आहे, "तरीही" नाही.

हा सिद्धांत कुणाला, केव्हा सांगायचा यात मी एकदा वाईट चूक केली. पाळक होऊन तीन-चार वर्षे झाली होती. एका बाईंचा एकुलता तरुण मुलगा अचानक गेला. मंडळीत कधीमधी यायचा, मागच्या बाकावर बसायचा. दफनानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "पाळकसाहेब, माझा पोरगा निवडलेला नव्हता का?" मी त्यांना देवाच्या सार्वभौमत्वाविषयी बोललो. जे बोललो त्यात सिद्धांताची चूक नव्हती. त्यांनी मान हलवली, चहाचे कप उचलले. पुढचे आठ महिने त्या उपासनेला आल्या नाहीत. माझ्या ज्येष्ठ पाळकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी सिद्धांताबद्दल एक अक्षर विचारले नाही. "किती वेळ बसलास त्यांच्याकडे?" एवढेच विचारले. वीस मिनिटे बसलो होतो.

निवडीची शिकवण पौल देतो ती आधीच विश्वासात असलेल्या, छळ सोसणाऱ्या लोकांना: तुम्हाला धरणारा हात तुमच्या हातापेक्षा मजबूत आहे. बाहेरच्या माणसाकडे बोट दाखवून "हा त्यातला नाही" असे म्हणण्यासाठी ती एकदाही वापरलेली नाही. "मी निवडलेला आहे की नाही" या भीतीने झोप उडालेल्यांना कॅल्विनने सांगितले की देवाच्या गुप्त वहीत डोकावू नका, ख्रिस्त हाच तुमच्या निवडीचा आरसा आहे, त्यात बघा. आर्मिनियसवाद्यांत हीच भीती वेगळे कपडे घालून येते: आज विश्वास आहे, उद्या गळून पडलो तर? विश्वासी माणूस शेवटी पूर्ण गळू शकतो का, यावर १६१० च्या निवेदनाने निकाल न देता शास्त्रातून आणखी शोध घेऊ असे म्हटले होते. दोन्ही घाबरलेल्या माणसांना मी शेवटी एकाच ठिकाणी पाठवतो, आणि त्यांचे लेबल विचारत नाही.

आता तुमचा भाऊ. "ठरलेच असेल तर प्रार्थना कशाला" या प्रश्नात एक गृहीतक लपले आहे: देवाने शेवट ठरवला, पण तिथवर जायची वाट ठरवली नाही. कॅल्विनवादी असे मानत नाही. त्याच्या मते तुमची प्रार्थना हीच ठरवलेल्या वाटेवरचे पाऊल असू शकते, शिपायाच्या सुरीसारखी. अठराव्या शतकात इंग्लंडच्या काही बाप्टिस्ट मंडळ्या खरोखर या खड्ड्यात पडल्या होत्या. अविश्वासी माणसाला "विश्वास ठेव" असे बोलावणेच त्यांनी सोडले. १७८५ मध्ये अँड्र्यू फुलर या त्यांच्यातल्याच पाळकाने पुस्तक लिहून त्यांना बाहेर ओढले, आणि काही वर्षांत त्याच गटातून विल्यम केरी परदेशी सेवेला निघाला. आर्मिनियसवादीही प्रार्थना करताना "देवा, त्याच्या मनाला फार हात लावू नकोस, त्याचे स्वातंत्र्य जपून ठेव" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "त्याला वळव." त्या क्षणी तुमच्या गटातले दोघेही एकच वाक्य बोलत असतात.

म्हणून पुढच्या बैठकीत रोम ९ उघडणार असाल तर सहाव्या वचनापासून सुरू करू नका. पहिल्या तीन वचनांपासून वाचा. निवडीवर नव्या करारातले सर्वांत कठोर पान लिहिणारा माणूस तिथे म्हणतो की माझ्या मनात सतत वेदना आहे, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून शापभ्रष्ट व्हायलाही तयार झालो असतो. अध्याय संपला की थांबू नका, दहाव्याचे पहिले वचनही वाचा: त्यांचे तारण व्हावे ही माझ्या मनाची इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे. मग वही मिटा, वाद पुढच्या आठवड्यावर ढकला, आणि त्या रात्री भावाला फोन करा. तारणाबद्दल बोललेच पाहिजे असे नाही. कसा आहेस, एवढे विचारले तरी चालेल.